जगाचा कर्ता सिद्ध झाला, तरी तो दयाळू आहे हे कशावरून?

पूर्वपक्ष (धागाकर्ता)

ईश्वर आहे की नाही, यावर आपल्याकडे वाद सुरू झाला की तो दोन-चार वाक्यांतच श्रद्धा आणि विज्ञान यांच्या भांडणावर येऊन ठेपतो आणि दोन्ही बाजू आपापली ठरलेली वाक्ये म्हणून मोकळ्या होतात. हाच वाद या देशात कित्येक शतके किती बारकाईने चालला होता, याची आठवण त्यात कुठेच दिसत नाही. त्या जुन्या वादाचा एक धागा उचलून पुढे नेता येतो का, हे पाहावे म्हणून हे लेखन.

मिथिलेचे उदयनाचार्य दहाव्या शतकातले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित. त्यांच्या 'लक्षणावली'त शके 906, म्हणजे इ. स. 984, हा काळ नोंदलेला आहे. ईश्वर तर्काने सिद्ध करावा यासाठी त्यांनी 'न्यायकुसुमांजली' रचली आणि तिच्या पाचव्या स्तबकातल्या (प्रकरणातल्या) एका श्लोकात आपले सगळे हेतू, म्हणजे ईश्वर सिद्ध करणारी कारणे, ओळीने मांडले. पहिला हेतू सर्वांच्या परिचयाचा आहे: घट हे कार्य आहे, म्हणून त्याला कुंभार लागतो; पृथ्वी, पर्वत, अंकुर हीही कार्येच आहेत, तेव्हा त्यांनाही जाणता कर्ता हवा. मला मात्र दर वेळी अडवून धरतो तो शेवटचा, संख्येचा हेतू. न्याय-वैशेषिक मतानुसार दोन परमाणू मिळून द्व्यणुक होते आणि त्या द्व्यणुकाचे परिमाण परमाणूंच्या परिमाणातून येत नाही, त्यांच्या 'दोन' असण्यातून येते. पण दोनपण हे वस्तूत आपोआप नसते. 'हा एक आणि हा एक' असे एकत्र पाहणारी बुद्धी असेल तेव्हाच ते उत्पन्न होते. सृष्टीच्या आरंभी देहधारी जीव एकही नव्हता. मग ते दोन परमाणू दोन म्हणून पाहिले कोणी? आजच्या वाचकाला तो परमाणुवाद मान्य नसेल, आणि मग हेतूही टिकत नाही, हे उघड आहे. तरीसुद्धा विश्वाच्या तळाशी गणित असेल तर ते कोणाच्या बुद्धीत आहे, हा प्रश्न त्या हेतूबरोबर नाहीसा होत नाही.

कार्यावरून कर्ता ठरवणाऱ्या अनुमानावरचे आक्षेप उदयनाचार्यांच्या आधीपासूनचे आहेत. सातव्या शतकातले बौद्ध आचार्य धर्मकीर्ती म्हणतात की मातीचा घडा कुंभार करतो एवढ्यावरून मातीची प्रत्येक घडण कुंभाराची ठरवायची असेल, तर वारूळही कुंभारानेच केले असे म्हणावे लागेल. वेदाला प्राण मानणारे मीमांसक, म्हणजे वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे, कुमारिल भट्ट तर याहून कठोर आहेत. सृष्टी निर्माण होण्याआधी दुःखी जीवच नव्हते, मग कर्त्याला करुणा आली कोणाची? आणि करुणेनेच केली असेल, तर त्याने सगळे शुभच का केले नाही? हेतूवाचून मंद माणूसही काही करीत नाही, असेही ते बजावतात. म्हणजे वैदिक परंपरेच्या ऐन गाभ्यात, यज्ञ आणि वेद यांच्यावर अढळ निष्ठा ठेवून, जगत्कर्ता नाकारणारी मंडळी होती.

सर्वांत लक्षणीय साक्ष मात्र रामानुजाचार्यांची आहे. परम भक्त असूनही ब्रह्मसूत्रांवरच्या आपल्या 'श्रीभाष्या'त 'शास्त्रयोनित्वात्' (ब्रह्म शास्त्रावरूनच कळते) या सूत्रावर लिहिताना ते म्हणतात की अनुमानाने ईश्वर सिद्ध होत नाही. रथ किंवा प्रासाद अनेक कारागीर मिळून बांधतात, तेव्हा जगाचा कर्ता एकच कशावरून? सगळे जग एकाच वेळी निर्माण झाले हे तरी कशावरून? आणि आपण पाहिलेला प्रत्येक कर्ता देहधारी असतो, तर याला देह का नसावा? तर्काच्या वाटेने गेल्यास हाती लागतो तो फार तर मोठा कारागीर. ज्याला शरण जावे असा नारायण त्या वाटेवर भेटत नाही, हे रामानुजांना स्पष्ट दिसले होते.

माझे म्हणणे असे आहे की 'ईश्वर आहे का' या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न कोंबलेले असतात. जगाला कोणी जाणता कर्ता आहे का? पाप-पुण्याचा हिशेब ठेवून फळ देणारा कोणी नियंता आहे का? आणि आपण हाक मारली तर ती ज्याच्यापर्यंत पोहोचते असा कोणी आहे का? पहिल्याचे उत्तर 'होय' आले म्हणून दुसऱ्या-तिसऱ्याचे तसेच येत नाही, आणि पहिल्याचे 'नाही' आले तरी तिसरा प्रश्न आपोआप निकालात निघत नाही. वाचकांनी या तिन्हींचा वेगवेगळा विचार करून लिहावे, अशी विनंती.

अणुरेणू

मांडणी आवडली. भौतिकशास्त्र शिकवत असल्यामुळे पहिल्या प्रश्नापुरतेच लिहितो. 'महास्फोट झाला, म्हणजे आरंभ झाला, म्हणजे आरंभ करणारा आहे' हा युक्तिवाद मला विद्यार्थ्यांकडून आणि कीर्तनकारांकडून सारख्याच उत्साहाने ऐकायला मिळतो. ज्या जॉर्ज लमेत्र यांनी 1931 मध्ये आदिम अणूची, म्हणजे महास्फोट सिद्धांतामागची मूळ कल्पना मांडली, ते स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी या सिद्धांतात सृष्टीच्या उत्पत्तीला दुजोरा दिसत असल्याचे भाषणात सुचवले, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले, कारण आपला सिद्धांत धर्माच्या बाजूने किंवा विरुद्ध साक्षीला उभा करू नये, असे त्यांचे मत होते. दुसऱ्या बाजूला, विश्वाला आरंभच नाही असे मानणारा स्थिरस्थिती सिद्धांत 1948 मध्ये आला, आणि 1965 मध्ये सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण, म्हणजे विश्वाच्या आरंभीच्या तप्त अवस्थेचा अवशेष, सापडल्यावर बहुतेकांनी तो सोडला, तरी आपले जयंत नारळीकर फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्याची सुधारलेली आवृत्ती अनेक वर्षे मांडत राहिले. ज्याची श्रद्धा एका दुर्बिणीच्या निरीक्षणावर उभी आहे, त्याला दुसऱ्या निरीक्षणाची सतत धास्ती राहणार. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनीच सांगून ठेवले होते की जगाला काळात आरंभ आहे हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने मानायचे असते.

मात्र संख्येच्या हेतूवरची आपली टिप्पणी मी सहज सोडणार नाही. निसर्गनियम गणिती आहेत, यावरून ते कोणाच्या तरी बुद्धीत असले पाहिजेत, हे निघत नाही. ते तसेच आहेत आणि आपण ते वाचायला शिकलो, एवढ्यावर थांबणे अधिक प्रामाणिक आहे.

सांगलीचा श्रावक

तिन्ही प्रश्नांना 'नाही' असे उत्तर देऊनही रोज मंदिरात जाणारा समाज महाराष्ट्रात आहे, याची या धाग्यावर नोंद असावी. आमच्या मते सृष्टी अनादि आहे आणि तिला कर्ता नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातल्या आचार्य जिनसेनांनी 'आदिपुराणा'त कर्तावादाचे सविस्तर खंडन केले आहे: जग निर्माण होण्याआधी तो कर्ता कुठे होता, आणि तो पूर्णकाम असेल तर त्याला निर्मितीची इच्छा झालीच कशी? कर्माचे फळ देण्यासाठी आम्हाला न्यायाधीश लागत नाही. कर्म स्वतःच्या स्वभावाने फळते. आणि तीर्थंकर मुक्त झालेले असल्यामुळे ते कोणाची हाक ऐकून धावून येत नाहीत. तरी आम्ही अभिषेक करतो, पूजा करतो. ज्याने राग-द्वेष जिंकले, त्याचे गुण आपल्यात यावेत म्हणून त्याच्यासमोर उभे राहायचे असते. मागण्यासारखे तिथे काही नसते.

नदीपार

मी नास्तिक आहे आणि तो शब्द मला ओझ्यासारखा वाटत नाही. धागाकर्त्यांनी तीन प्रश्न वेगळे केले ते बरे झाले, कारण एरवी चर्चेत पहिल्या प्रश्नावर अडचण आली की माणसे तिसऱ्याच्या आडोशाला जातात आणि तिथे हटकले की पुन्हा पहिल्याकडे येतात. माझा खरा आक्षेप दुसऱ्या प्रश्नाला आहे. नियंता मानला की जगातले प्रत्येक दुःख कुठल्या तरी हिशेबात बसवावे लागते, आणि तो हिशेब नेहमी दुबळ्यांच्या नावावर निघतो. ब्रह्मसूत्रांत 'वैषम्यनैर्घृण्ये न' असे म्हणून ईश्वरावरचा पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आरोप झटकला आहे. शंकराचार्य तिथे पावसाचा दृष्टान्त देतात: पाऊस सर्वत्र सारखाच पडतो, साळीतून साळ उगवते आणि जवातून जव, हा फरक बियाण्याचा. म्हणजे माणसाचे दुःख त्याच्या स्वतःच्या कर्मबीजातले आणि ईश्वर नामानिराळा. हे पहिले कर्म कुठून आले असे विचारले, तर पुढचेच सूत्र म्हणते की ते अनादि आहे. या उत्तराने ईश्वर सुटतो, हे मान्य. पण जन्मतः अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला त्याने काय सांगितले? तुझे तू भोग. महात्मा फुले यांनी सगळ्यांचा निर्मिक एक मानला तो नेमका याच्या विरोधात, सर्व स्त्री-पुरुष समान हक्कांचे आहेत हे सांगण्यासाठी. 1891 मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात तो निर्मिक आहे. मी निर्मिकही मानत नाही, पण कुठल्या ईश्वराशी माझे भांडण आहे आणि कुठल्याशी नाही, हे त्यावरून कळावे.

तेरणाकाठ

मी औसा तालुक्यातला. नियंत्याचा विषय निघाला आहे, म्हणून लिहितो.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट, चार वाजायला काही मिनिटे कमी. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते, गावोगावची माणसे उशिरा येऊन झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत मिळून नऊ हजारांहून अधिक माणसे गेली. रिश्टर प्रमाणावर सहाच्या थोडा वर असलेला हा भूकंप जगाच्या मानाने फार मोठा नव्हता. मारले ते घरांनी. आमच्याकडची जुनी घरे मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांची, भिंती दोन-दोन हात रुंद. वर माळवद: लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. पाऊस गळू नये म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी त्यावर पांढरीची आणखी माती टाकायची. वर्षानुवर्षे असे करत गेल्यामुळे डोक्यावरचे वजन वाढत गेले. उन्हाळ्यात त्याच माळवदाखाली गार वाटायचे. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा भक्कम होता तिथे भिंती ढासळूनही काही माळवदे वर राहिली आणि खालची माणसे वाचली. जिथे तुळया थेट भिंतीवर टेकलेल्या होत्या, तिथे सगळेच खाली आले. आमचा भाग तेव्हा भूकंपाच्या नकाशावर सर्वांत सुरक्षित पट्ट्यात धरलेला होता.

त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना बाहेरून आलेल्या काही लोकांनी आम्हाला सांगितले की या भागात पाप वाढले होते. मी तेव्हा शाळकरी होतो, पण ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. कोणाचे पाप? पाळण्यातल्या मुलांचे? ज्याचा सांगाडा सागवानी त्याचे पुण्य जास्त आणि ज्याला तुळई घेता आली नाही त्याचे कमी, असा हिशेब ठेवणारा कोणी असेल तर त्याच्यापुढे हात जोडायला मी तयार नाही. माझ्या आजीला ढिगाऱ्यातून देवांचे टाक सापडले, एक पार चेपलेला होता. तिने ते धुऊन फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले आणि बरेच दिवस बाहेर काढले नाहीत. विचारले तर म्हणायची, 'राहू दे, मी बोलत नाही त्याच्याशी.' पुढे केव्हातरी तिने ते पुन्हा मांडले. का, हे तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

पूर्वपक्ष

तेरणाकाठ, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आपल्याला जे ऐकावे लागले, त्याचे एक मोठे उदाहरण इतिहासात आहे. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचा ईश्वरी दंड असल्याचे म्हटले. अस्पृश्यतेच्या विरोधात गांधीजींच्या बरोबर असलेले रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्याला जाहीर हरकत घेतली. नैसर्गिक आपत्तींची कारणे निसर्गातच असतात, आणि आपल्या नीतीच्या कल्पना विश्वाच्या घडामोडींशी अशा जोडू लागलो तर विरोधकही तोच भूकंप आपल्या बाजूने वापरतील, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. गांधीजींनी ती हरकत स्वतःच्या 'हरिजन' पत्रात छापली, तिला उत्तर दिले आणि आपले मत कायम ठेवले. उद्देश कितीही उदात्त असला तरी या बाबतीत रवींद्रनाथांचेच बरोबर होते, असे मला वाटते. ढिगाऱ्याखाली गेलेल्यांत ज्यांच्यावर ते पाप लादले गेले होते, तेही होतेच.

यावरून मी एक कसोटी मांडतो. ईश्वराचे जे वर्णन किल्लारीच्या मृत्यूंना योग्य ठरवते, ते वर्णन आस्तिकानेसुद्धा नाकारले पाहिजे. ही कसोटी बाहेरून आणलेली नाही, कुमारिलांनी करुणेबद्दल विचारलेला प्रश्न तोच आहे.

वसईची वाट

आमच्या बायबलमध्ये ईयोबाचा ग्रंथ आहे, त्याची इथे आठवण झाली. निरपराध ईयोबाची मुलेबाळे, गुरेढोरे, प्रकृती, सगळे जाते. त्याचे मित्र समजावतात की तू काही तरी पाप केले असणार. ईयोब ते मान्य करीत नाही, थेट देवाशी वाद घालतो. अखेर देव बोलतो तेव्हा कारण सांगतच नाही. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, असे उलट विचारतो. हे उत्तर मला अनेक वर्षे अपुरे वाटत आले आहे आणि अजूनही वाटते. पण शेवटी एक गोष्ट घडते, तिच्याकडे प्रवचनांत फारसे लक्ष दिले जात नाही. देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. देवाची वकिली करणारे चुकीचे ठरतात आणि देवावर फिर्याद करणारा खरा ठरतो. आपली कसोटी त्या ग्रंथाला मान्य असावी.

आम्ही ख्रिस्ती लोक याच्या पुढे जाऊन असे मानतो की देव स्वतः त्या दुःखात उतरला, क्रुसावर गेला. यातून दुःखाचे कारण समजत नाही. दुःख भोगणारा एकटा नाही, एवढेच समजते. हे सिद्ध करता येत नाही, हे मला ठाऊक आहे.

टाळकरी

आजींचे 'मी बोलत नाही त्याच्याशी' हे वाक्य वाचून मी थांबलो. जो नाहीच, त्याच्याशी कोणी अबोला धरत नाही. आमच्या वारकरी परंपरेत हा अबोला, हे भांडण जुनेच आहे. 'माझे लेखीं देव मेला' असे तुकोबा म्हणून गेले आहेत, आणि 'आहे ऐसा देव वदवावी वाणी । नाहीं ऐसा मनीं अनुभवावा' असेही. या दुसऱ्या चरणावर फडावर कितीतरी वेळा निरूपण ऐकले, प्रत्येकाने अर्थ निराळा लावला. मला त्यातून एवढे उमगले की वाणीतला 'आहे' सोपा असतो, त्यावर विसंबून राहू नये.

पंढरीला जाणाऱ्याला तुम्ही विचारा की विठ्ठलाने जग कसे निर्माण केले. त्याला त्याची पर्वा नसते. तो पायी चालत जातो ते भेटीसाठी. तेव्हा धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्नच आमच्यासाठी पहिला आहे.

नदीपार

टाळकरी, आपल्या शब्दांचा आदर राखून एक हरकत नोंदवतो. अबोला धरला जातो यावरून समोर कोणी आहे हे सिद्ध होत नाही. वारलेल्या माणसावरही आपण वर्षानुवर्षे रागावलेले असतो. आजींच्या मनात ते नाते खरे होते, आणि मनातले नाते हीदेखील मोठी गोष्ट आहे. पण आपण सगळे इथे अशा जागी येऊन पोहोचलो आहोत की कर्ता तर्काने ठरत नाही, हिशेबनीस नियंता नीतीने नाकारावा लागतो आणि हाक ऐकणारा कोणी असला तरी तो तुळई धरून ठेवत नाही. मग असा ईश्वर असणे आणि नसणे यांत फरक काय उरला?

पूर्वपक्ष

हा प्रश्न कोणी तरी विचारायलाच हवा होता. फरक नाही असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे वाटत नाही.

योगसूत्रांतला ईश्वर पाहा. क्लेश, कर्म, कर्मफळ आणि वासना यांचा स्पर्श नसलेला 'पुरुषविशेष', एवढेच त्याचे वर्णन पतंजली करतात. त्याने जग निर्माण केले असे ते सूत्र म्हणत नाही, तो शिक्षा करतो असेही म्हणत नाही. तो पूर्वीच्यांचाही गुरू आहे, असे पुढे येते. हा ईश्वर भूकंप पाठवत नाही आणि थांबवतही नाही. ज्याच्याकडे पाहून माणूस आपले मन घडवतो, असा तो आहे. श्रावकांनी तीर्थंकरांबद्दल जे लिहिले, त्याच्या हा फार जवळचा आहे. फरक इतकाच की पतंजली त्याला कधीच बद्ध नसलेला मानतात, आणि जैन मतात तीर्थंकर आधी बद्ध होते, मग मुक्त झाले. मला स्वतःला असाच ईश्वर मानावासा वाटतो. तो खरोखर आहे की माणसाने घडवलेला आदर्श आहे, हे मला अनुमानाने ठरवता येत नाही, आणि रामानुजांप्रमाणे शास्त्रावर भार टाकून निश्चिंत होणेही जमत नाही. पण त्याच्यापुढे उभे राहून मी भूकंपग्रस्ताला 'हे तुझे पाप' असे म्हणू शकत नाही, आणि हिशेबनिसाच्या ईश्वरापुढे उभा राहिलो तर म्हणू शकतो. वागण्यात पडणारा हा फरक मला पुरेसा मोठा वाटतो.

उदयनाचार्यांचे एक राहिले. ग्रंथाच्या आरंभीच ते म्हणतात की ईश्वराविषयीची ही तर्कचर्चा म्हणजे श्रवणानंतरचे मनन आहे, म्हणून तीही उपासनाच. आणि ग्रंथाच्या शेवटी, इतके हेतू सांगूनही ज्यांच्या हृदयात तू जागा घेत नाहीस, त्यांच्यासाठी ते प्रार्थना करतात: विरोध करताना का होईना, तेही तुझेच चिंतन करतात, तेव्हा हे कारुणिका, योग्य वेळी त्यांनाही तूच तार. आयुष्यभर बौद्धांशी वाद घालणाऱ्या माणसाने हे लिहिले आहे.

नदीपार

उदयनाचार्यांच्या त्या प्रार्थनेत मला धरू नका, अशी विनंती करणार होतो, पण तिच्यातला सद्भाव स्वीकारतो. आपल्या उत्तरातला अर्धा भाग मला पटला. जो ईश्वर भूकंपग्रस्ताला दोषी ठरवू देत नाही, त्याच्याशी माझे भांडण नाही. मात्र तोच निर्णय मी कुठल्याही पुरुषविशेषाविना घेऊ शकतो, आणि तेरणाकाठ यांनी शाळकरी वयात तो घेतलाही होता. त्यांना तो कोणाकडून मिळाला, याचे उत्तर आपल्याकडून हवे आहे.

तेरणाकाठ

माझ्यापुरते मी सांगू शकतो. तो मला आजीकडून मिळाला. पापाची गोष्ट सांगणाऱ्या त्या लोकांना तिने शेडमधून उठून जायला सांगितले होते, आणि तेव्हा टाक पेटीतच होते.